सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज किती द्याव्यात? दूध संस्थांच्या कामातून आलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कोरेगाव भागातल्या दूध संस्थांसाठी तुम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलंय, चाळीसेक ठिकाणी ते चालतंय, आणि प्रत्येक नवी संस्था "आमच्याकडं जरा वेगळं असतंय" म्हणते. दर वेळी तुम्ही एक सेटिंग वाढवलीत. आता त्या पानावर ११८ गोष्टी आहेत, सचिवांना त्यातल्या निम्म्या कळत नाहीत आणि पहाटेपासून तुमचा फोन वाजतो. तुम्ही विचारताय की सगळं काढून साधं करावं, की आहे तसं ठेवून लोकांना शिकवावं? शिवाय एक मोठी संस्था दिवाळीच्या रिबेटसाठी, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर सभासदांना दिवाळीला मिळणाऱ्या जादा पैशांसाठी, स्वतःचाच वेगळा हिशोब मागतेय, तिला काय सांगावं?

मी सांगलीत गेली बावीस वर्षं हेच करतोय. दूध संस्था, मार्केट यार्डातली हळदीची अडत दुकानं, दोन-चार पतसंस्था. माझं मत आधीच सांगतो. ११८ या आकड्याला घाबरू नका. त्या ११८ गोष्टी एकाच पानावर आणि एकाच माणसाच्या हाताखाली आहेत, तुमचा त्रास तिथून सुरू होतो.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. संस्था पाच-सातच असत्या, सगळ्या तुमच्या तालुक्यात असत्या आणि अडचण आली की तुम्ही मोटरसायकलवर तासाभरात पोचत असता, तर मी म्हटलं असतं की सेटिंगचं पानच नको, सगळं एका फाइलीत ठेवा आणि स्वतः बदला. चाळीस झाल्या, त्यातल्या काही माण-खटावला आणि काही पाटणच्या डोंगरात, की काही गोष्टी तिथल्या माणसाच्या हातात द्याव्याच लागतात. समोर कोण बसतं यावरही आहे. साखर कारखान्याच्या अकाउंट विभागात दिवसभर त्याच पडद्यासमोर बसणाऱ्याला भरपूर पर्याय दिले तर तो ते शिकतो आणि त्याचा वेळ वाचतो. पहाटे साडेपाचला एक हात किटलीला आणि एक हात कीबोर्डला असलेल्या पोराचं तसं नसतं. दारात रांग असते, ज्याला-त्याला शेतावर जायचं असतं. पुढचं सगळं मी या दुसऱ्या माणसाला धरून लिहितोय.

वाळवा तालुक्यातल्या एका संस्थेत घडलेलं सांगतो. तिथे माझं सॉफ्टवेअर होतं आणि सेटिंगचं एकच लांबलचक पान होतं. पावतीच्या अक्षराचा आकार, बिलाचा कालावधी, वजनकाटा कॉम्प्युटरला जोडायचा पोर्ट, एसएनएफच्या सूत्रातला आकडा, सगळं एकाखाली एक. एका सकाळी प्रिंटरची रिबन फिकी झाली, म्हणून तिथला नवा मुलगा अक्षर ठळक करायला त्या पानावर गेला. शोधता शोधता त्याच्या हातून सूत्रातल्या ०.३६ मधला शेवटचा ६ पुसला गेला. राहिलं ०.३. त्यानं सेव्ह केलं, कारण अक्षराचं सेव्ह करायचंच होतं.

तुम्हाला हे सूत्र माहीत आहे, पण या धंद्याबाहेरचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. लॅक्टोमीटरची डिग्री आणि फॅट यांवरून एसएनएफ काढतात, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ. त्या संस्थेचं सूत्र होतं, डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक ०.३६. फॅट ३.५ आणि डिग्री २९ असेल तर ७.२५ अधिक ०.७० अधिक ०.३६, एकूण ८.३१. दुसरा दशांश सोडून पावतीवर ८.३ छापायचं. आकडा ०.३ झाल्यावर तेच दूध ८.२५ झालं आणि पावतीवर ८.२ उमटलं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली पॉइंटापॉइंटाला, म्हणजे दर ०.१ ला, पैसे कापले जातात. एका पॉइंटाचे पैसे थोडे वाटतात, पण ते रोज दोन वेळा आणि लिटरमागे जातात.

गोम अशी की सगळ्यांचं कमी झालं नाही. डिग्री २८ आणि फॅट ३.५ असलेल्या दुधाचं आधी ८.०६ यायचं, आता ८.०० आलं, पावतीवर दोन्ही वेळा ८.०. ज्याची डिग्री ३० त्याचं ८.५६ चं ८.५० झालं, पावतीवर तेच ८.५. फटका बसला तो मधल्यांना. त्यामुळे दिवसाची बेरीज बघून कुणाला शंका आली नाही. नवव्या दिवशी एक आबा दोन पावत्या घेऊन केंद्रावर आले. ते सगळ्या पावत्या तारेला टोचून ठेवायचे. त्यांनी दोन्ही पावत्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "डिग्री तीच, फॅट तेच, मग एसएनएफ कसा उतरला?"

सचिवांकडे उत्तर नव्हतं. मला फोन आला तेव्हा लगेच माझ्याकडेही नव्हतं, कारण सेटिंग कधी बदलली आणि कुणी बदलली याची नोंदच मी ठेवत नव्हतो. बिल निघायला एक दिवस होता. नऊ दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी पुन्हा हिशोबात घातल्या, सुधारलेल्या पावत्या छापल्या. पैसे कुणाचे गेले नाहीत, पण पुढचे दोन महिने लोक पावती हातात पडली की मोबाइलवर गणित करून बघायचे, आणि ते बरोबरच होतं त्यांचं. त्या मुलाला कुणी बोलू नये म्हणून मी स्वतः संस्थेत जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. अक्षराचा आकार आणि गावातल्या घरांचे पैसे मी एकाच पानावर ठेवले होते.

तेव्हापासून कुठलीही सेटिंग करायच्या आधी मी तीन गोष्टी बघतो. ही कोण बदलणार, किती वेळा बदलणार, आणि चुकली तर कुणाचे पैसे जाणार. तुमच्या ११८ गोष्टी या चाळणीतून काढल्यात तर त्यांचे आपोआप ढीग पडतील, आणि त्यातला सगळ्यात मोठा ढीग मुळात सेटिंग्जचा नसेलच.

काट्याचा पोर्ट घ्या. यूएसबीची वायर कुणी दुसऱ्या भोकात घातली की विंडोज तिला बऱ्याचदा वेगळा नंबर देतं, कालचा कॉम ४ आज कॉम ५ होतो, आणि सकाळी काटा बंद. तुम्ही सेटिंग दिलीत म्हणून सचिव तुम्हालाच फोन करून विचारतात की कितवा नंबर टाकू. मी ती सेटिंग काढली. प्रोग्राम सुरू झाला की स्वतः एकेक पोर्ट उघडून बघतो, कुठून वजनाचे आकडे येताहेत ते ओळखतो आणि तोच धरतो. सापडला नाही तरच पडद्यावर येतं, 'काटा सापडत नाही, वायर आणि काट्याचा स्विच बघा'. हे लिहायला मला आठवडा लागला आणि सकाळचे फोन लक्षात येण्याइतके कमी झाले. जे यंत्राला स्वतः बघता येतं ते माणसाला विचारू नये.

दुसरं, दर. तुम्ही 'मूळ दर' हा एक चौकोन दिलाय असं तुमच्या स्क्रीनच्या वर्णनावरून दिसतं. दर म्हणजे माहिती आहे आणि तिला तारीख असते. संस्था ज्याला दूध घालते तो संघ कधी ११ तारखेपासून दरपत्रक बदलतो, कधी परिपत्रक उशिरा येतं आणि दर मागच्या तारखेपासून लावायचा असतो. चौकोनातला आकडा बदलला की जुना गेला, मग मागचं बिल पुन्हा काढलं तर नव्या दरानं निघतं. दरपत्रकांची यादी ठेवा, प्रत्येकाला 'या तारखेपासून' जोडा. कराचंही तसंच. तुपावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण २१ तारखेची पावती आजही १२ टक्क्यांनीच छापली गेली पाहिजे. ज्यांनी टक्केवारी सेटिंगच्या पानावर ठेवली होती त्यांची जुनी बिलं त्या दिवशी बिघडली असणार. असे चौकोन तुमच्या पानावर वीस-पंचवीस तरी निघतील, ते तिथून हलवा.

तिसरा ढीग तुम्ही न घेतलेल्या निर्णयांचा आहे. हे जरा टोचेल, पण माझ्याकडे हाच ढीग सगळ्यात लाजिरवाणा होता. एका संस्थेला पावतीवर आधी सभासद नंबर हवा होता, दुसरीला नाव. मी सेटिंग दिली. चार वर्षांनी कधीतरी दोन्ही एकाच ओळीत बसवून बघितलं, नंबर मोठा आणि शेजारी नाव. बसलं. सेटिंग काढून टाकली, कुणाचा फोन आला नाही. "आमच्याकडं वेगळं असतंय" हे वाक्य ऐकलं की लगेच कोड उघडू नका, तिथे जाऊन ते का वेगळं आहे ते विचारा. पुष्कळदा कारण असं निघतं की आधीच्या छापील वहीत तसा रकाना होता.

आता जे उरतं ते खरं वेगळेपण, आणि ते काढता येत नाही. सूत्राचंच बघा. काही ठिकाणी फॅटच्या ०.२५ पट आणि वर ०.४४ धरतात. त्या सूत्रानं २८ डिग्रीचं ३.५ फॅटचं दूध ८.०६ च्या जागी ८.३१ च्या वर जातं. कुठलं सूत्र लावायचं हे संघानं ठरवायचं असतं, तुम्ही-आम्ही नाही. दूध वजनावर घेऊन १.०३ नं भागून लिटर करायचं की थेट मापावर, दशांश सोडायचा की जवळच्या आकड्याला न्यायचा, बिल दहा दिवसांचं की पंधरा, पेंडीची आणि उचलीची कपात कुठल्या क्रमानं, हे सगळं संस्थेचे करार आहेत. म्हणून 'सगळं काढून साधं करा' असा सल्ला मी देणार नाही. साधेपणाच्या नावाखाली एखाद्या संस्थेच्या कराराविरुद्ध दशांश उडवला तर तुमचं सॉफ्टवेअर सुंदर दिसेल आणि हिशोब खोटा निघेल.

इथे मला शेजारच्या मिरजेतली तंबोऱ्याची दुकानं आठवतात. तंबोऱ्याला वर खुंट्या असतात, त्यांनी तार ढोबळ मिळवायची. खाली घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पलीकडे मणी असतात, ते सरकवून बारीक फरक काढायचा. तारेखालचं सूत पुढे-मागे करून आवाज खुलवणं हेही गाणारा स्वतः करतो, रोज करतो. पण घोडीची जवारी घासायची वेळ आली की तो वाद्य घेऊन कारागिराकडे येतो. घोडीचा माथा केसभर जास्त घासला गेला तर तो परत भरून येत नाही. गायकाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. वाद्यावर त्याचा पूर्ण ताबा असतो, फक्त प्रत्येक गोष्ट ज्या हाताला जमते त्या हाताला दिलेली असते.

मी माझी पानं तशीच तोडली. केंद्रावरच्या मुलाला अक्षराचा आकार, पावतीच्या प्रती, पडद्याचा रंग, आवाज. हे त्यानं रोज बदललं तरी कुणाचं एक पैशाचं नुकसान नाही. सचिवांना कपाती, बिलाच्या तारखा, सभासदांची नोंद. आणि सूत्र, दशांश, वजन-लिटर हे तिसऱ्या दारामागे. ते दार उघडायला सचिव आणि चेअरमन दोघांचे पासवर्ड लागतात, बदल पुढच्या बिलाच्या पहिल्या दिवसापासूनच लागू होतो, आणि जुनी किंमत, नवी किंमत, तारीख, वेळ, नावं यांची नोंद राहते. ती नोंद पुसायची सोय मी स्वतःलाही ठेवलेली नाही.

त्या तिसऱ्या दारामागे काय लिहायचं, यावर वेळ घाला. माझ्याकडे आधी 'एसएनएफ स्थिरांक' असं लिहिलेलं होतं. आता पडद्यावर प्रश्न येतो, 'तुमचा संघ कुठलं सूत्र वापरतो?' खाली दोन-तीन सूत्रं आणि प्रत्येकासमोर चालू दरपत्रकानं काढलेलं उदाहरण, फॅट ३.५, डिग्री २९, एसएनएफ इतका, दर इतका. सूत्रावर बोट फिरलं की दर बदललेला दिसतो. आकडा टाइप करायची जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे ६ पुसला जायचा प्रश्न येत नाही. एखाद्या संघाचं सूत्र चौथंच निघालं तर ते मी यादीत घालून देतो. चेअरमन शेतकरी असतात, त्यांना स्थिरांक कळला नाही तरी लिटरमागे पन्नास पैसे कमी झालेले लगेच कळतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर यंत्राला कळतं ते विचारू नका, तारखेची माहिती यादीत हलवा, वाद मिटवता येतील तिथे मिटवा, आणि उरलेलं तीन हातांत वाटा.

तुम्ही 'प्रगत' नावाचं एक बटण करून सगळं अवघड त्यामागे टाकायचा विचार लिहिलाय. मी तेही करून बघितलंय. व्हीएलसी प्लेअरमध्ये सेटिंगच्या खिडकीत खाली 'साधी' आणि 'सर्व' असं निवडता येतं, आणि तिथे ते चांगलं चालतं, कारण चित्रपट बघताना काही बिघडलं तर पुन्हा मूळपदावर आणता येतं. आपल्याकडे 'प्रगत' मध्ये निरुपद्रवी पण क्वचित लागणाऱ्या गोष्टी आणि धोकादायक गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसतात. माझ्या वाळव्याच्या प्रसंगात अक्षर ठळक करणं 'प्रगत' मध्येच असतं, आणि तो मुलगा तिथेच गेला असता.

त्यापेक्षा टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची मांडणी बघा, तुमच्या सचिवांनीही ती वापरलेली असते. एफ ११ दाबलं की कंपनीपुरत्या सोयी चालू-बंद होतात. एफ १२ दाबलं की ज्या पडद्यावर तुम्ही आहात त्याच्यापुरतंच कॉन्फिगरेशन येतं. टॅली प्राइममध्ये तिथेही आधी मोजकंच दिसतं, आणखी हवं म्हटलं तर उघडतं. याहून वेगळं हवं असेल तर टीडीएल ही त्यांची वेगळी भाषा आहे, ती जाणणारा माणूस बोलवावा लागतो. पावतीच्या पडद्यावर असताना पावतीच्याच सेटिंग्ज दिसणं ही कल्पना मी तिथूनच घेतली. वेगळं 'सेटिंग' असं पान माझ्याकडे आता फक्त तिसऱ्या दाराचं आहे.

सेटिंग वाढवण्याची एक किंमत दिसत नाही, म्हणून ती लिहितो. चालू-बंद अशा १० सेटिंग्ज असतील तर सॉफ्टवेअरच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात, २० असतील तर १०,४८,५७६. तुम्ही त्यातल्या किती तपासता? माझ्याकडे 'बिल पूर्ण रुपयात करा' आणि 'उरलेले पैसे पुढच्या बिलात ओढा' अशा दोन सेटिंग्ज होत्या, तीन वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या. एकेकटी बरोबर चालायची. दोन्ही चालू केल्या की पैसे आधी कापले जायचे आणि मग पुढे ओढायला शून्य उरायचं. ती जोडी पहिल्यांदा एका पतसंस्थेशी जोडलेल्या डेअरीत चालू झाली आणि त्यांच्या ऑडिटरनं पकडली. आता तो एकच प्रश्न आहे, 'सुट्ट्या पैशांचं काय करायचं?', आणि तीन उत्तरं. एकमेकांत अडकलेल्या सेटिंग्ज वेगळ्या ठेवू नका.

नवीन संस्था जोडताना मी आता तीनच प्रश्न विचारतो. गाय, म्हैस की दोन्ही? दूध कुठल्या संघाला जातं? बिल किती दिवसांचं? यावरून बाकी सगळं भरून येतं, कारण एका संघाच्या संस्थांचं सूत्र, दशांश, दरपत्रक बहुतेक सारखंच असतं. मग एक तास सचिवांशेजारी बसून त्यांच्या वहीतल्या दहा नोंदी टाकून बघतो. दहाच्या दहा पैशापर्यंत जुळल्या की उठतो.

काढण्याबद्दलही सांगतो, कारण तेच अवघड जातं. २००२ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या जीनोम डेस्कटॉपची दुसरी आवृत्ती आली तेव्हा करणाऱ्यांनी भरपूर पर्याय कापले आणि जुने वापरणारे चिडले. वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर करणारे वर्डप्रेसवाले तर आपल्या तत्त्वांतच लिहितात की पर्याय देत बसण्यापेक्षा निर्णय घ्या. मला दोन्ही पटतात, पण एका फटक्यात कापणं आपल्याला परवडत नाही, आपली माणसं रोज भेटतात. तुमच्याकडे चाळीस संस्थांचा बॅकअप येत असेल, तर त्यांतल्या सेटिंग्ज एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. जी सेटिंग चाळीसही ठिकाणी सारखी आहे ती या आठवड्यात काढा, कुणाला कळणार नाही. जी एक-दोन ठिकाणीच वेगळी आहे तिथे फोन करून विचारा. मी विचारलं तेव्हा बऱ्याच जणांना ती वेगळी आहे हेच माहीत नव्हतं. प्रशिक्षणाचा प्रश्न त्यानंतर घ्या, कारण तेव्हा शिकवायला फार थोडं उरलेलं असेल.

राहिली ती मोठी संस्था आणि तिचं रिबेट. त्यांना नाही म्हणू नका, पण त्यांच्यासाठी मूळ सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगही वाढवू नका. वर्षभराच्या नोंदी वाचून रिबेट काढणारा छोटा वेगळा प्रोग्राम करा, जो मूळ नोंदींना हात लावत नाही आणि शेवटी फक्त यादी देतो. त्याचं कोटेशन स्वतंत्र द्या. तसंच रिबेट आणखी दोन-तीन संस्थांनी मागितलं तर मग ते आत घ्यायचा विचार करा. दिवाळीच्या निदान महिनाभर आधी तो मागच्या वर्षीच्या आकड्यांवर चालवा, आणि सचिवांनी गेल्या वर्षी हातानं काढलेल्या यादीशी एकेक सभासद ताडून बघा.